गीतगोविंदाचे चितारी

कवितेवरून चित्र काढणे म्हणजे कवीच्या मागून ओझे वाहणे, अशी एक समजूत चांगल्या सुशिक्षितांतही आढळते. कवी तो धनी आणि चितारी त्याचा गडी! कारखान्याच्या दारात सभा घेण्यात आमचे आयुष्य गेले; धनी आणि गडी हे शब्द ऐकले की आमचे कान टवकारतात. म्हणून या समजुतीची उलटतपासणी करण्यासाठी आम्ही पहाडी मुलखातील एका सुतार घराण्याला साक्षीस बोलावीत आहोत.

जयदेवाचे ‘गीतगोविंद’ बाराव्या शतकातले, पूर्वेकडच्या मुलखातले. सर्ग बारा, गीते चोवीस. ते देशभर गाइले गेले, नाचले गेले. आणि कित्येक शतकांनंतर हिमालयाच्या पायथ्याशी, गुलेर या चिमुकल्या संस्थानातील माणकू नावाच्या चिताऱ्याने ते रंगविले. थोडीथोडकी नव्हेत, सुमारे दीडशे चित्रे! चित्रमालेबरोबर एक संस्कृत श्लोक आहे. त्यात साल शब्दांत गुंफले आहे : मुनी सात, वसू आठ, गिरी सात, सोम एक. उलट वाचले की विक्रम संवत १७८७, म्हणजे इसवी सन १७३०. त्याच श्लोकात ‘मालिनी’ असाही शब्द आहे. ती चित्रे करवून घेणारी कोणी स्त्री, की श्लोकाच्या वृत्ताचेच नाव, यावर पंडितांची पुष्कळ वर्षे झटापट चालली. आपण तिकडे न जाता कामाकडे वळू.

मलय पर्वतावरचे चंदनवृक्ष सापांनी वेढलेले. तेथून निघालेला वारा जणू विषाने पोळला आहे आणि अंग निववण्यासाठी बर्फाच्या ओढीने हिमालयाकडे धावतो आहे, अशी जयदेवाची एक कल्पना आहे. कवीचे ठीक आहे. त्याने वारा म्हटले की वारा सुटला. चिताऱ्याने काय करावे? वाऱ्याला ना रंग, ना आकार. माणकूने ती कल्पना टाळली नाही, तिचे चित्र काढले. हिमालय तर त्याच्या दारातच उभा होता! कवी ‘कुंज’ एवढे म्हणून मोकळा होतो. पण झाड कोणते, पान कसे, राधा कोणत्या हाताला, सखी किती अंतरावर, हे चिताऱ्याला ठरवावेच लागते. ठरविल्यावाचून कुंचला हलत नाही. सपाट, झगझगीत रंगाची भूमी, मोजकी झाडे आणि मोठाले डोळे, एवढ्यावर माणकूने आपला निर्णय दिला.

पुढे १७७५च्या सुमारास त्याच घराण्यात हेच काव्य पुन्हा रंगविले गेले. चित्रे सुमारे १४०. वडिलांनी आणि चुलत्यांनी केलेले काम मुलांनी पुन्हा हाती घ्यायचे! आता तीच कुंजे दाट झाली, चांदणे आले, पानन् पान मोजून घ्यावे असे झाले. आणि जयदेवाची यमुना कांगड्याकडच्या डोंगरी नदीसारखी वळणे घेत वाहू लागली.

एवढे काम केले, पण नाव कोणाचे झाले? ‘बसोली’ चित्रे, ‘कांगडा’ चित्रे. दुसरी माला तर राजा संसारचंदाच्या नावाशी जोडली गेली. आनंद कुमारस्वामींनी १९१६ साली या कलेवर थोर ग्रंथ लिहिला, पण त्यातही वाटणी मुलखावारी होती. ज्यांचे हात राबले त्यांचे हजेरीपत्रक कोणी मागितले नव्हते.

ते मागितले ब्रिजिंदरनाथ गोस्वामी यांनी. हा मनुष्य सरकारी अधिकाराची नोकरी १९५८ साली सोडून इतिहासाकडे वळला. त्यांचा तर्क साधा होता. घरात मृत्यू झाला की पहाडी माणूस अस्थी घेऊन हरिद्वारला जातो. तेथे पंडा आपल्या वहीत त्याचे नाव, गाव, जात, बाप-आजा लिहून घेतो; नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी जाऊन आलेल्या आमच्या श्रोत्यांना ही रीत सांगावयास नकोच. गोस्वामींनी त्या वह्या चाळल्या. त्यांत गुलेरचे चितारी निघाले! बाप पंडित सेऊ, मुलगे माणकू आणि नैनसुख. जात तरखाण, म्हणजे सुतार. चित्रांची शैली संस्थानाची नसून घराण्याची असते, हा त्यांचा सिद्धांत १९६८ साली आपल्या मुंबईच्याच ‘मार्ग’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२३ साली गोस्वामी वारले. दरम्यान फाळणीत माणकूची काही पाने लाहोरला राहिली आणि पुष्कळशी पुढे चंदीगढच्या संग्रहालयात आली.

नैनसुख हा जसरोट्याच्या बलवंतसिंगाचा चितारी. १७६३ साली धनी वारल्यावर तो हरिद्वारला आला. पंड्याच्या वहीत त्याने आपली नोंद स्वतःच्या हाताने केली आणि तिथेच एक चित्रही काढून ठेवले. माणकूचे मुलगे फत्तू आणि खुशाला; नैनसुखाचे कामा, गौढू, निक्का आणि रांझा. दुसरे ‘गीतगोविंद’ या पिढीचे मानतात. त्यातले कोणते पान कोणाच्या हातचे, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.