युद्धक्रीडा आणि डावपेचांचे शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंचे संपूर्ण सैन्य दोन्ही खेळाडूंना दिसत असते. रणांगणावर मात्र सेनापतीला शत्रूचा पूर्ण ठाव क्वचितच लागतो. हा भेद लक्षात घेऊन पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या युद्धक्रीडांना सैनिकी शिक्षणाचे साधन बनविण्याचे प्रयत्न युरोपात झाले. अशा खेळांतून डावपेचांचे कौशल्य नेमके कशामुळे वाढते, याचा तीन ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रशियातील प्रारंभ :
प्रशियन लष्करातील लेफ्टनंट फॉन राइसविट्झ यांनी आपल्या वडिलांनी तयार केलेल्या खेळात सुधारणा करून १८२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध केले. चौकटींच्या पटाऐवजी त्यांनी १:८००० प्रमाणाचा भूप्रदेशाचा नकाशा वापरला. एक पाळी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत आणि परस्परांना दिसू शकतील अशाच तुकड्या पंच नकाशावर मांडत असे. हानीचा निर्णय फाशांनी होई. जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ सैन्याच्या शिक्षणासाठी उपयुक्त मानून त्याची शिफारस केली. अपुरी माहिती, मर्यादित वेळ आणि दैवाचा अंश ही युद्धाची तीन लक्षणे या खेळात प्रथमच एकत्र आली, हे त्याचे महत्त्व होय.

लिव्हरपूल येथील प्रयोग :
दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरातील व्यापारी ताफ्यांवर जर्मन पाणबुड्यांचे हल्ले वाढले, तेव्हा १९४२ च्या प्रारंभी ब्रिटिश नौदलाने कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्याकडे लिव्हरपूल येथील डावपेच केंद्राची सूत्रे सोपविली. क्षयामुळे त्यांना युद्धापूर्वीच सेवानिवृत्त व्हावे लागले होते. त्यांच्या हाताखाली नौदलाच्या महिला सेवेतील तरुणी काम करीत. फरशीवर सागराचा पट आखलेला असे. संरक्षक नौकांच्या कप्तानांची भूमिका करणारे खेळाडू पडद्याआड बसून फटीतून मर्यादित दृश्य पाहत. येथेही पाळी दोन मिनिटांचीच होती.

आघाडीवरून परतलेल्या कप्तानांचे अनुभव पटावर पुन्हा मांडताना एक बाब स्पष्ट झाली. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागील बाजूने ताफ्यात शिरत असे. हल्ल्यानंतर ती बुडी मारी आणि ताफा पुढे निघून गेला की मागे निसटे. संरक्षक नौका मात्र तिला ताफ्याबाहेर शोधत. त्यामुळे नौकांनी मागे येऊन ताफ्याच्या पिछाडीचा शोध घ्यावा, असा 'रास्पबेरी' नावाचा नवा डाव तयार झाला. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५००० अधिकारी येथे शिकून गेले. मे १९४३ मध्ये जर्मनीने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. याचे श्रेय रडार, दूर पल्ल्याची विमाने व सांकेतिक संदेशांची उकल यांनाही आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

मिडवेचा धडा :
याच वर्षी, मे १९४२ मध्ये, जपानी नौदलाने मिडवे मोहिमेची युद्धक्रीडा केली. खेळात विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचा निर्णय पंचांनी फाशांच्या आधारे दिला. ॲडमिरल उगाकी यांनी ती संख्या तीनवर आणली. पटावर बुडालेली 'कागा' पुढील डावात पुन्हा वापरात आली. जून १९४२ मधील प्रत्यक्ष लढाईत 'आकागी' आणि 'कागा' यांच्यासह चार विमानवाहू नौका जपानने गमावल्या.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, केवळ अधिक डाव खेळल्याने कौशल्य वाढत नाही. खेळाडूने अपुऱ्या माहितीवर, ठराविक वेळेत निर्णय घ्यावा. त्याची कारणे सांगावीत. आणि डाव संपल्यावर शत्रूची खरी वाटचाल पाहून आपला निर्णय तपासावा. लिव्हरपूलमध्ये अनुभवी कप्तानांनी नवख्या तरुणींसमोर आपली चूक पाहिली आणि ती मान्य केली. जपानी आरमारात वरिष्ठाच्या शब्दाने फाशांचा निर्णय बदलला गेला. पटावरील पराभवाची किंमत काहीच नसते. तो नाकारण्याची किंमत मात्र मोठी असते. अध्यापनातही चुकलेल्या उत्तराची चर्चा टाळली जाते, तेव्हा हाच धडा स्मरणात ठेवणे उचित ठरेल.