श्रोणीतील चेतांची रचनाभिन्नता आणि शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शरीररचनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील आकृती ही कोणा एका व्यक्तीच्या शरीराची नसते. अनेक शवविच्छेदनांत वारंवार आढळलेली मांडणी निवडून ती तयार केलेली असते. हाडे, मोठे स्नायू व प्रमुख रक्तवाहिन्या यांच्या बाबतीत अशी आकृती बहुतेक वेळा पुरेशी ठरते. श्रोणीतील स्वायत्त चेतांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. या चेता केसासारख्या बारीक असून मेद व तंतुमय आवरणांत दडलेल्या असतात आणि त्यांची विभागणी व्यक्तिपरत्वे बदलते. मूत्राशय, गुदाशय, गर्भाशय आणि पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथी यांवरील शस्त्रक्रियांत या चेता तुटल्या, तर रोग बरा होऊनही रुग्णाला मूत्रविसर्जनाचे व लैंगिक क्रियेचे कायमचे वैगुण्य येऊ शकते. या चेतांविषयीचे ज्ञान शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ दीड शतक का लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चेतांची मांडणी व तिच्यातील भेद

श्रोणीतील इंद्रियांना दोन प्रकारचे स्वायत्त तंतू मिळतात. अनुकंपी तंतू कटिभागातून अधोजठर चेतांच्या रूपाने खाली उतरतात. परानुकंपी तंतू सामान्यतः दुसऱ्या ते चौथ्या त्रिक चेतांपासून निघतात. गुदाशयाच्या दोन्ही बाजूंस या दोहोंचे मिळून एक चेताजाळे बनते आणि त्यातून निघालेल्या शाखा निरनिराळ्या इंद्रियांकडे जातात.

हे वर्णन सर्वसाधारण आहे. प्रत्यक्षात काही व्यक्तींत परानुकंपी तंतूंचा मोठा वाटा दुसऱ्या व तिसऱ्या त्रिक चेतांचा असतो, तर काहींत तिसऱ्या व चौथ्या. क्वचित पाचवी चेताही त्यात सहभागी होते. वरचे अधोजठर चेताजाळे कोणात एकाच जाड पट्ट्यासारखे, कोणात दोन सुट्या दोरांसारखे, तर कोणात विरळ जाळीसारखे दिसते. एकाच व्यक्तीच्या उजव्या व डाव्या बाजूंतही फरक आढळतो. हे भेद रोगाचे लक्षण नसून निरोगी शरीरातील स्वाभाविक वैविध्य आहे.

एकोणिसाव्या शतकातील शोध

बर्लिन येथील योहान्नेस म्यूलर यांनी १८३६ साली पुरुष जननेंद्रियाच्या ताठरणाऱ्या ऊतींकडे जाणाऱ्या चेतांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८६३ साली कॉनराड एकहार्ड यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत त्रिक भागातून निघणाऱ्या चेता उद्दीपित केल्यास ताठरता येते, हे दाखवून दिले. म्हणजे चेतांचे अस्तित्व आणि त्यांचे कार्य या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाल्या होत्या. तथापि हे ज्ञान शरीररचनाशास्त्रज्ञांचे व शरीरक्रियाशास्त्रज्ञांचे होते. शस्त्रक्रिया करताना कोणत्या थरातून सुरी न्यावी आणि त्या थरापासून चेता किती अंतरावर आहेत, हा शल्यचिकित्सकाचा प्रश्न त्या वेळी कोणी विचारलाच नव्हता.

शस्त्रक्रियेची प्रगती आणि तिची किंमत

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली कर्करोगग्रस्त प्रोस्टेट ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली. टेरेन्स मिलिन यांनी १९४५ साली जघनास्थीच्या मागून ग्रंथीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रचारात आणला आणि पुढे तो कर्करोगासाठीही वापरला जाऊ लागला. या शस्त्रक्रियांत रक्तस्राव फार होत असे. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक सर्व रुग्णांना नपुंसकत्व येई व अनेकांचा मूत्रावरील ताबा सुटे. ताठरतेच्या चेता ग्रंथीच्या आतूनच जातात, त्यामुळे ग्रंथी काढली की त्या जाणारच, असा समज रूढ होता. हानी अटळ मानली गेल्याने तिचे कारण शोधण्याची निकड कोणास भासली नाही. अनेक रुग्णांनी या परिणामांच्या भीतीने शस्त्रक्रियाच टाळली.

या समजास शवविच्छेदनाच्या पद्धतीनेही बळ दिले. प्रौढ शव जतन करताना त्यातील मेद व तंतुमय ऊती कठीण होतात आणि पोटातील इंद्रियांच्या भाराने श्रोणीतील थर एकमेकांवर दाबले जातात. अशा शवात चेतेचा बारीक धागा भोवतालच्या तंतूंपासून वेगळा ओळखणे कठीण असते. आकृतीत चेता दाखवलेली असली, तरी तिचे ग्रंथीशी असलेले नेमके नाते विच्छेदनमेजावर दिसत नसे.

लायडन येथील विच्छेदन

पॅट्रिक वॉल्श १९७४ साली जॉन्स हॉपकिन्स येथे मूत्ररोगशल्यशास्त्राचे प्रमुख झाले. त्यांनी प्रथम ग्रंथीवरील शिरांच्या जाळ्याचा अभ्यास केला आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवण्याची पद्धत १९७९ साली प्रसिद्ध केली. रक्तस्राव कमी झाल्यामुळे शस्त्रक्रियेचे क्षेत्र प्रथमच स्वच्छ दिसू लागले. याच काळात त्यांच्या एका रुग्णाची लैंगिक क्षमता शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत झाली. चेता ग्रंथीच्या आतून जात असत्या, तर असे घडणे शक्य नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर फेब्रुवारी १९८१ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे मिळाले. तेथील निवृत्त प्राध्यापक पीटर डॉन्कर हे मृतजात अर्भकांच्या शरीरात मूत्राशयाच्या चेतांचे विच्छेदन करीत होते. अर्भकात मेद कमी असतो आणि शरीराच्या मानाने चेता ठळक दिसतात. वॉल्श व डॉन्कर यांनी एकत्र केलेल्या विच्छेदनात ताठरतेच्या चेता प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेरून, तिच्या मागील व बाजूच्या कडेने जात असल्याचे स्पष्ट झाले. प्रौढ व्यक्तीत या चेता सूक्ष्म असल्या, तरी त्यांच्यासोबत जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसतात. चेता व रक्तवाहिन्या यांची ही जुडी शल्यचिकित्सकाला खूण म्हणून उपयोगी पडली. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी ही जुडी हेतुपूर्वक राखून ५२ वर्षांच्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. वर्षभरात रुग्णाची क्षमता परत आली. दोघांचा संयुक्त शोधनिबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

अन्य शस्त्रक्रियांतील समांतर प्रवास

हीच समस्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांत वेगळ्या रूपात होती. व्हिएन्ना येथील अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विस्तृत शस्त्रक्रिया सुरू केली आणि जपानमध्ये हिदेकाझू ओकाबायाशी यांनी १९२१ साली तिचे अधिक मूलगामी रूप मांडले. रोग समूळ निघे, पण मूत्राशयाच्या चेता तुटल्याने अनेक स्त्रियांना लघवीची संवेदना व विसर्जनाची शक्ती गमवावी लागे. श्रोणीतील चेता राखण्याचा विचार ताकाशी कोबायाशी यांनी १९६१ साली मांडला. गुदाशयाच्या बाबतीत इंग्लंडमधील बिल हील्ड यांनी १९८२ साली गुदाशयाभोवतीचे मेदयुक्त वेष्टण अखंड काढण्याचे तत्त्व प्रतिपादन केले. रोगाचा पुनरुद्भव टाळणे हा त्यांचा मूळ हेतू होता. स्वायत्त चेता या वेष्टणाच्या लगत बाहेरच्या बाजूस असल्याने योग्य थर सांभाळल्यास त्याही वाचतात.

नवे चित्र व त्याची मर्यादा

१९८२ नंतर मागील व बाजूच्या कडेने जाणारी एक सुस्पष्ट जुडी हेच चित्र सर्वत्र प्रमाण मानले गेले. जुन्या समजाची जागा एका नव्या ठरावीक आकृतीने घेतली, असेही म्हणता येईल. पुढील सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांनी तिच्या मर्यादा दाखवून दिल्या. जपानमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, काढून टाकलेल्या ७९ ग्रंथींच्या तपासणीत सुमारे निम्म्या नमुन्यांत सुस्पष्ट जुडी आढळली. उरलेल्यांत चेता ग्रंथीच्या बाजूच्या पृष्ठभागावर विखुरलेल्या होत्या. ज्या रुग्णात चेता अशा पसरलेल्या असतात, तेथे केवळ अपेक्षित जागेची जुडी राखून काम भागेलच असे नाही. शस्त्रक्रियेचा थर ग्रंथीच्या किती जवळून न्यावा, हे त्या रुग्णाच्या रचनेवर ठरवावे लागते. त्याच वेळी कर्करोग कडेपर्यंत पोहोचला असेल, तर चेता राखण्याचा आग्रह सोडावा लागतो. २००० सालापासून आलेल्या यंत्रमानव-साहाय्यित शस्त्रक्रियेमुळे हे क्षेत्र मोठे करून पाहता येते. मात्र कोठे व काय शोधावयाचे याचे ज्ञान शल्यचिकित्सकाकडेच असावे लागते.

समारोप

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, म्यूलर यांचे वर्णन उपलब्ध असूनही ते १४६ वर्षे शस्त्रक्रियेच्या उपयोगी आले नाही, कारण शरीररचनेचा अभ्यासक आणि शल्यचिकित्सक यांनी एकाच मेजापाशी बसून एक प्रश्न विचारला नव्हता. लायडन येथे तो विचारला गेला. दुसरी अशी की, सर्वसाधारण मांडणीचे ज्ञान ही अभ्यासाची सुरुवात असते, शेवट नव्हे. विच्छेदनकक्षात आकृतीशी न जुळणारी चेता आढळली, तर अपवाद म्हणून ती बाजूला सारण्याचा मोह अध्यापक व विद्यार्थी या दोघांनाही होतो. अशा प्रत्येक भेदाची काळजीपूर्वक नोंद ठेवणे हा अध्यापनाचाच भाग मानला गेला पाहिजे. पुढे शस्त्रक्रियेच्या मेजावर येणारा रुग्ण त्याच प्रकारची रचना घेऊन आलेला असू शकतो आणि कर्करोगातून वाचल्यानंतरचे त्याचे आयुष्य कसे जाईल, हे त्या नोंदीवर अवलंबून असू शकते.