फुफीची मिलो आणि ऐकून लिहिणारी यंत्रं

माझ्या फुफी ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या सुट्टीत मी त्यांना 1972 च्या दुष्काळाबद्दल बोलतं केलं आणि फोनवर पावणेदोन तासांचं रेकॉर्डिंग झालं. ते हाताने उतरवायला महिना गेला असता, म्हणून आवाज ऐकून मजकूर लिहिणारी दोन सॉफ्टवेअर वापरली. एक मराठीवर ठेवलं, दुसरं उर्दूवर. आमच्या घरात बोलतात ती दखनी, आणि तिचं नाव दोन्हींच्या यादीत नव्हतं.

फुफींचं एक वाक्य असं होतं : "मिलो की रोटी खाके खडी फोडने कू जाते थे हम."

ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना यात सगळं कळतं. मिलो म्हणजे रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी. खडी फोडणं म्हणजे दुष्काळी काम. मराठीवाल्याने लिहिलं, "मिळो की रोटी खाके खडी फोडणे कु जाते थे हम." उर्दूवाल्याने लिहिलं, "मिलो की रोटी खाके खड़ी होने को जाते थे हम." एकाने ज्वारीचा आशीर्वाद केला, दुसऱ्याने खडी फोडणाऱ्या बाईला नुसतंच उभं केलं.

असं का होतं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. 1952 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये 'ऑड्री' हे यंत्र तयार झालं. त्याला शून्य ते नऊ एवढेच आकडे ओळखता यायचे, तेही ज्याच्या आवाजावर ते बसवलं असेल त्याचेच नीट. 1962 मध्ये आयबीएमच्या 'शूबॉक्स'ची मजल 16 शब्दांपर्यंत गेली. 1976 पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठातलं 'हार्पी' 1011 शब्द ओळखू लागलं. तिथल्या या संशोधनाचे प्रमुख होते राज रेड्डी, चित्तूर जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेले. त्यांचेच विद्यार्थी जेम्स बेकर यांनी पत्नी जॅनेट यांच्यासोबत ड्रॅगन ही कंपनी काढली. 1990 मध्ये तिचं श्रुतलेखनाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं तेव्हा किंमत होती 9000 डॉलर, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. माझे पाचवीतले विद्यार्थीही शुद्धलेखनाच्या तासाला एवढी सवलत मागत नाहीत!

पण खरी कलाटणी सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये मिळाली. फ्रेडरिक जेलिनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून मोजणी सुरू केली. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द किती वेळा येतो, याचा हिशेब. तेव्हापासून यंत्र नुसतं ऐकत नाही, अंदाजही बांधतं. "खडी" या आवाजापुढे काय येणं जास्त संभवतं? उर्दू मजकुरात "होने". फुफी "फोडने" म्हणाल्या खऱ्या, पण असं म्हणणाऱ्या बायका त्या मजकुरात आहेतच किती?

असा अंदाज बांधणं आजही चालतं, आणि ढीग मोठा झाला आहे. 2022 मध्ये आलेलं 'व्हिस्पर' 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकलं. त्यात मराठी आवाज आणि त्याचाच मराठी मजकूर, अशी जोडी एक तासाचीही नव्हती. उर्दूची शंभरेक तासांची होती.

आता तुलना कशी करतात ते पाहा. चुकलेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचं. फुफींचं वाक्य दहा शब्दांचं. मराठीवाल्याच्या चुका तीन : मिळो, फोडणे आणि "कू"चा ऱ्हस्व "कु". म्हणजे 30 टक्के. उर्दूवाल्याची एकच : होने. (खडी आणि खड़ी यांचे हिज्जे उर्दू लिपीत एकच, कू आणि को यांचेही.) म्हणजे 10 टक्के. या मोजणीत उर्दूवालं जिंकलं, पण त्याच्या कागदावर दुष्काळी काम उरलंच नाही. मराठीवालं हरलं, तरी खडी फुटत राहिली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि बाईच्या राबण्याची चूक, दोन्हींची किंमत एकच.

उर्दूवाल्याचं कौतुकही करायला हवं. उर्दूत एका "स"साठी तीन अक्षरं आणि "ज़"साठी चार. कानाला फरक कळत नाही, शब्द माहीत असावा लागतो. या यंत्राने साबिर, सवाब, सुबह हे सगळे बिनचूक लिहिले. माझ्या वर्गातली निम्मी मुलं इथे अडतात. त्याचं अडलं ते दखनीपाशी.  "नक्को"चं "नहीं", "हौ"चं "हाँ". लखनौच्या एखाद्या खालाजान बीडच्या दुष्काळाची हकीकत सांगताहेत असं वाटावं, इतकं साफ.

आमच्याकडच्या मुसलमानांच्या बोलण्याला हे नवीन नाही. उर्दू शाळेत आम्ही तेच करतो, मीही केलंय. "मेरेकू" लिहिणाऱ्या पोराच्या वहीत मी वीस वर्षं लाल शाई मारत आलोय.

शेवटी मी दोन्ही मजकूर समोर ठेवले आणि कानाला फोन लावून तिसरा हाताने लिहायला घेतला, देवनागरीत, दखनी जशीच्या तशी. अजून चाळीस मिनिटं उरली आहेत. मूळ आवाज तीन ठिकाणी जपून ठेवलाय. परवा फुफींनी विचारलं, "मशीन लिख्या क्या रे मेरा?" मी म्हटलं, "लिख्या फुफी, पर तुमारी मिलो उसकू मालूम नै."

"खाया नै ना उने," त्या म्हणाल्या आणि सुकडीची गोष्ट सुरू केली. मी पुन्हा रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.