चवदार तळ्याची दुसरी लढाई : कोर्टातली नऊ वर्षे

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो, तळ्यावर नतमस्तक होतो आणि परततो. पण १७ मार्च ही तारीख आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९३७ साली याच दिवशी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल दिला. पहिली लढाई ओंजळीने लढली गेली, दुसरी कायद्याने. दुसरीचा इतिहास आपण सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात ठरावापासून करू. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला : सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह पाणी प्राशन करून तो कागद जिवंत केला. सवर्णांनी आधी लाठ्यांनी उत्तर दिले, मग ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच रद्द केला.

इथे नीट विचार करा. जो हक्क बहुमताच्या ठरावाने मिळतो, तो बहुमताच्या ठरावाने जातोही.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याआधीच सनातन्यांनी दिवाणी दावा लावून बाबासाहेब आणि सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही महाडात जमले होते, तुरुंगात जायची तयारी होती. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. मात्र तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला. ही माघार होती काय? मुळीच नाही. बाबासाहेब ग्रेज इनचे बॅरिस्टर होते. हुकूम मोडला तर भांडण सनातन्यांशी न राहता सरकारशी होईल, हे त्यांना दिसत होते. मनाई तात्पुरती होती, दाव्यात दम नव्हता. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली.

दावा मात्र चालूच राहिला. वादींचे म्हणणे : अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. कायद्यात रूढीला मान आहे, पण ती प्राचीन असल्याचे सिद्ध करावे लागते. महाड, ठाणे आणि शेवटी हायकोर्ट, तिन्ही ठिकाणी वादी हरले. ‘आमची परंपरा’ असे ओरडणे वेगळे आणि पुराव्यानिशी ती सिद्ध करणे वेगळे!

आता घटनेचे कलम १५(२) उघडा. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही. बोले ठरावाचा आशय आणि महाडचा अनुभव या कलमात एकत्र दिसतो. नगरपालिकेचा ठराव एका बैठकीत रद्द झाला होता. मूलभूत हक्क तसा रद्द करता येत नाही.

आज आपले सरपंच आहेत, नगरसेवक आहेत, उद्योजकही आहेत. किती सरपंचांनी ग्रामपंचायत अधिनियम वाचला आहे? ग्रामसेवक कागद पुढे करतो आणि आपला माणूस सही करतो. सत्ता सहीत असते, ज्ञान मात्र दुसऱ्याकडे. निविदेच्या अटी, भागीदारीचा करार न वाचणारा उद्योजक नफ्याच्या आधी फसवणूक कमावतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकसेवकाला शिक्षा सांगते; फिर्याद नोंदवायला गेलेल्या किती कार्यकर्त्यांना ते तोंडपाठ आहे?

काही जण म्हणतील, वकील कशाला आहेत? वकील खटला लढतो. खटला कधी लढायचा, रस्त्यावर कधी उतरायचे आणि कधी थांबायचे, हे नेत्याला ठरवावे लागते. डिसेंबर १९२७ मध्ये तेच ठरवले गेले.

म्हणून येत्या २० मार्चला महाडला जाताना झेंड्यासोबत घटनेची प्रतही न्या. आणि परतल्यावर ती कपाटात ठेवू नका, वस्तीत बसून वाचा.

जय भीम!