एकोणचाळीस मिनिटं मागे

हातातलं घड्याळ काढून ठेवा. फोन घरीच राहू द्या. डोक्यावर टोपी, काखेत वळकटी आणि खिशात थोडी आण्यांची चिल्लर एवढं पुरे. आज शनिवार, ३ मे १९१३. पुण्याच्या जुन्या स्टेशनात इंजिन धूर सोडत उभं आहे आणि तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर तुम्ही खिडकीजवळची जागा धरली आहे. मुंबई पाहायला निघालात, दोन दिवसांसाठी. उद्या रात्रीची परतीची गाडी ठरलेली आहे.

डब्यातला प्रत्येक जण तुम्हाला यादी देईल. मुंबादेवी चुकवू नका, राणीची बाग बघाच, वाळकेश्वरला जाऊन या. ऐकून घ्या, मान हलवा. पण दोन दिवसांचा पाहुणा यादीच्या मागे लागला की त्याला फक्त रस्ते दिसतात. तुम्ही एकच नेम धरा: जे अजून पुरं झालेलं नाही ते पाहायचं. पुरी झालेली मुंबई तुम्ही केव्हाही पाहाल. ती बनत असताना पाहण्याची संधी फक्त याच दोन दिवसांत आहे.

सुरुवात खिडकीतूनच होते. मळवली येतं. इथल्या माळावर राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना आहे. तुमच्या घरच्या देव्हाऱ्यावरची लक्ष्मी बहुधा इथल्याच दगडांवरून उमटलेली. त्र्यंबकेश्वरचा एक माणूस रविवर्म्याच्या या छापखान्यासाठी काम करत असे, धुंडिराज गोविंद फाळके. नाव लक्षात ठेवा, संध्याकाळी लागेल.

लोणावळ्याजवळ धरणांची कामं चालली आहेत. टाटांनी इथलं पाणी अडवून घाटाखाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची असं ठरवलं आहे. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचेल. आज मात्र तिथे माती आहे, दगड आहे आणि डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं आहेत. डब्यातलं कुणी मान वळवून पाहत नाही. तुम्ही पाहा.

मग घाट. खंडाळ्यापुढे गाडी एकदम थांबते, पुढचं इंजिन सुटतं, मागच्या टोकाला जोडलं जातं आणि जिकडे पाठ होती तिकडे तोंड करून गाडी उतरायला लागते. हे उलटसुलट चालणं १९२९ पर्यंत टिकणार आहे. चढण एका दमात पेलत नाही म्हणून केलेली ही युक्ती. पोटात गोळा येतो, शेजारची बाई लेकराला घट्ट धरते आणि धुराचे कण डोळ्यांत जातात. पंच्यानं तोंड झाका, पण दरी पाहायची सोडू नका.

कर्जत, नेरळ आणि मग वांगणी. हे छोटं गाव आपल्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी निवडलं होतं फाळक्यांनी. त्यांची मंडळी तलवारी-भाले घेऊन उतरली, तेव्हा गावाला वाटलं दरोडेखोर आले. वर्दी गेली, मंडळींना अडकवलं. फाळके येऊन सांगू लागले तरी विश्वास बसेना. शेवटी त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, फिल्म न घालता चालवून दाखवला, तेव्हा सुटका झाली. गाडी वांगणी मागे टाकते. शेतात एक म्हातारा उभा राहून गाडीकडे पाहतो आहे. त्यानं तो रिकामा कॅमेरा पाहिला असेल का, हा विचार तुमच्या मनात घर करतो.

दादर आलं. इथल्या मुख्य रस्त्यावरच्या एका बंगल्यात तो चित्रपट तयार झाला. विलायतेहून आणलेल्या कच्च्या फिल्मच्या काठाला भोकं नसत, ती रात्री जागून पाडली सरस्वतीबाई फाळक्यांनी. रसायनं त्यांनीच कालवली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच केला, आणि पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांचेच गेले. त्यापुढे परळ, लालबाग, भायखळा. गिरण्यांची धुराडी एकामागून एक. लोणावळ्याचं पाणी एक दिवस इथले चाते फिरवणार आहे, हे या धुराड्यांना अजून ठाऊक नाही.

बोरीबंदर. उतरल्या उतरल्या वर बघा. घुमट, कमानी, दगडात कोरलेली माकडं, मोर, पानं. यातलं पुष्कळ कोरीवकाम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. आता स्टेशनातलं घड्याळ पाहून घ्या, बाहेर या आणि क्रॉफर्ड मार्केटच्या मनोऱ्यावरचं घड्याळ पाहा. दोघांत एकोणचाळीस मिनिटांचा फरक आहे. दचकू नका. रेल्वेनं सबंध हिंदुस्थानची एकच वेळ मानली, पण मुंबईनं आपली वेळ सोडलेली नाही आणि १९५५ पर्यंत सोडणारही नाही. म्हणजे स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच शहर तुमच्या हातावर एकोणचाळीस मिनिटं ठेवतं. दोन दिवसांच्या पाहुण्याला यापेक्षा मोठी भेट कोणती? ती कुठे खर्चायची हे मात्र तुम्हीच ठरवायचं.

शेजारी नवं जनरल पोस्ट ऑफिस आहे, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारं. नऊ वर्षांचं बांधकाम नुकतंच संपलं आहे. दगड अजून कोरा दिसतो, पुरं झाल्यावरचा पहिला पाऊस अजून यायचा आहे.

मुक्काम सरदारगृहात करा, क्रॉफर्ड मार्केटसमोर. वळकटी टेकवा आणि जिन्यात क्षणभर थांबा. पाच वर्षांपूर्वी, २४ जून १९०८ ला, याच घरातून टिळकांना पकडून नेलं. आज ते मंडालेच्या तुरुंगात आहेत. गीतेवरचा त्यांचा ग्रंथ लिहून झालाय, पण छापला जायला १९१५ उजाडेल. गड्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवलेला असतो. तुम्ही काही विचारू नका, तोही आपण होऊन काही बोलणार नाही. पण त्याच्या नजरेत जे आहे तेही या शहरातलं एक अपुरं काम आहे.

दुपारी धोबीतलावाकडे चालत जा. इराण्याच्या दुकानात शिरा. क्यानीचं दुकान १९०४ पासून इथे आहे. खाणावळीत कोण कुठे बसणार हे जातीवर ठरतं. इथे संगमरवरी टेबलाजवळ जी खुर्ची रिकामी, ती तुमची. चहा मागवा, सोबत मस्का लावलेला पाव. समोर कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. या शहराचं खरं नवल तिथे टेबलावर मांडलेलं आहे.

संध्याकाळी ट्राम पकडा. विजेच्या ट्रामला येत्या बुधवारी सहा वर्षं पूर्ण होतील. घोडे गेले, डोक्यावर तारा आल्या. गिरगावात उतरून सँडहर्स्ट रोडला लागा. रस्ता इतका रुंद का, हे समजून घ्या. १८९६ च्या प्लेगनं ही वस्ती झोडपली. त्यानंतर दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाटीवाटीच्या घरांतून असे रस्ते काढले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. तुमच्या सदऱ्यात भरणाऱ्या या वाऱ्यामागे पुष्कळ माणसांचं मरण आहे.

इथेच कोरोनेशन थिएटर आहे. आज ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी पहिल्यांदा लागतो आहे. बाराच दिवसांपूर्वी निवडक निमंत्रितांना दाखवला होता. आजपासून तिकीट काढेल त्याचा.

आधी दुसरे खेळ होतात: मिस आयरीन डेलमारचा नाच, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांड्रॉफ. मग दिवे जातात. अंधारात तुमच्या डावीकडे एक आजोबा बसले आहेत, उजवीकडे कोण आहे ते दिसतच नाही. दुपारी इराण्याकडे पाहिलेली गोष्ट अंधारात आणखी पुढे गेलेली आहे.

पडदा उजळतो. राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतो आहे, राणी शेजारी. मळवलीच्या माळावरून घरोघर गेलेलं चित्र जणू श्वास घेऊ लागलं. राजा दत्तात्रय दाबके, रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. आणि तारामती? बाई मिळाली नाही, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. पडद्यावर पाटी येते, हिंदीत आणि इंग्रजीत.

“अहो, तुम्हाला येतं का वाचायला?” आजोबा कोपरानं खुणावतात. “मोठ्यानं वाचा की जरा.”

तुम्ही वाचता. पुढची पाटी येते, तीही वाचता. मागच्या रांगेतून आवाज येतो, “जरा मोठ्यानं!” आता अर्धं थिएटर तुमच्या आवाजावर टेकलेलं आहे. मघापर्यंत तुम्ही प्रेक्षक होता, आता त्या खेळाचा एक भाग झालात. शेवटी देव प्रकट होतात आणि आजोबा चप्पल काढून हात जोडतात. नाटकातल्या देवाला त्यांनी कधी हात जोडले नसतील. तो पडद्याआड जाऊन विडी ओढतो हे त्यांना ठाऊक आहे. हा देव मात्र प्रकाशातून आला आणि प्रकाशातच गेला.

चार रिळं, सुमारे ३,७०० फूट. तुमच्या काळात त्यातला काही भागच हाती लागतो. आज ते सगळं तुमच्या डोळ्यांसमोरून गेलं. बाहेर पडून चौपाटीवर जा आणि वाळूत बसा. मरीन ड्राइव्ह अजून नाही. रेल्वेच्या रुळांपलीकडे लगेच समुद्र आहे आणि लाटेचा आवाज जवळून येतो. आजोबाही तिथे येऊन बसलेत. “उद्या घरच्यांना आणतो,” ते म्हणतात.

रविवारी सकाळी भायखळ्याच्या ट्राममध्ये बसून राणीच्या बागेत जा. प्राणी पाहा, झाडांखाली बसा, पण मुख्यतः दगडाचे तुकडे शोधा. घारापुरीच्या बेटावर एक अखंड दगडी हत्ती होता. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला आणि फुटला. तेव्हापासून त्याचे तुकडे या बागेत पडून आहेत. पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये, कुणीतरी ते जोडायला घेईल आणि हत्ती पुन्हा उभा राहील. आज एका तुकड्यावर हात ठेवा. ऊन लागून तो गरम झाला आहे. तुमच्या काळात याच बागेला लागून, वस्तुसंग्रहालयाबाहेर, तुम्ही हा हत्ती पाहिला असेल आणि सांधे न पाहताच पुढे गेला असाल.

दुपारी फोर्टात या. विटेट नावाच्या वास्तुकारानं आखलेलं नवं वस्तुसंग्रहालय पुरं व्हायच्या बेतात आहे. पाथरवटांच्या छिन्न्या आज रविवार म्हणून गप्प आहेत. तयार झाल्यावर आधी तिथे लढाईतले जखमी येतील, आणि लोकांसाठी दारं उघडायला १९२२ लागेल.

तिथून अपोलो बंदर. ताजमहाल हॉटेलासमोर, समुद्राच्या काठी. गेल्या ३१ मार्चला गव्हर्नरांनी इथे एक पायाचा दगड बसवला. बाकी काही नाही. पडाव, कोळी, वाळत घातलेली जाळी आणि खारा वारा. पाच-सहा वर्षांचा एक पोरगा तुम्हाला विचारतो, “काका, इथं काय करणारेत?”

तुम्हाला ठाऊक आहे. कमान माहीत आहे, तिच्याखालची गर्दी, कबुतरं, घारापुरीच्या लाँचा, हसून फोटो काढणारी कुटुंबं. १९४८ मध्ये परदेशी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून चालत जाऊन बोटीत बसणार आहे हेही माहीत आहे. राजाच्या आगमनाची आठवण म्हणून जे बांधतायत, ते त्याच्या माणसांच्या जाण्याची आठवण म्हणून राहील. एवढं सगळं त्या पोराला कसं सांगणार?

“दार,” तुम्ही म्हणता. “मोठं दार.”

“आत यायला?”

“बाहेर जायलासुद्धा.”

तो दगडावर चढून बसतो. तुम्हीही शेजारी बसता. शहरानं काल दिलेली एकोणचाळीस मिनिटं इथे खर्चा, काहीही न करता. पाहण्यासारखं इथे अजून काहीच उभं राहिलेलं नाही, म्हणूनच.

उठल्यावर घाई करा. मार्केटातून हापूसची एक करंडी घ्या, देठाकडून वास घेऊन. मनोऱ्यावरचं घड्याळ पाहून निवांत राहू नका, गाडी मुंबईच्या वेळेवर सुटत नाही. स्टेशनाच्या दारात पाऊल पडतं आणि एकोणचाळीस मिनिटं परत जातात.

गाडी अंधारातून चालली आहे. डब्यात आंब्याचा वास भरला आहे. वांगणी मागे पडते, एका झोपडीत मिणमिणता दिवा दिसतो. घाटात इंजिन थांबतं आणि उलट्या टोकाला जोडलं जातं. तुमच्या स्वतःच्या काळात परतल्यावर कुठल्याही शहरात दोन दिवसांसाठी गेलात, तर पत्र्याच्या कुंपणाआड चाललेलं एखादं काम शोधा. फटीतून आत पाहा आणि तिथल्या कुणाला विचारा, इथं काय होणार आहे. कुणी ना कुणी उत्तर देईलच.