संगणकाचा वेग मोजणाऱ्या चाचण्या कितपत निष्पक्ष?

छत्तीसगडमधील भिलई पोलाद कारखाना भारतीय रेल्वेला रूळ पुरवतो. रेल्वेकडे रवाना होण्यापूर्वी या रुळांची तपासणी होते. हे काम अनेक वर्षे राइट्स या रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतील कंपनीने केले आहे. उत्पादक एक आणि परीक्षक दुसरा, हे त्यामागील तत्त्व होय. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची कार्यक्षमता जोखणाऱ्या चाचण्यांमध्ये, म्हणजेच बेंचमार्कमध्ये, हे तत्त्व नेहमीच पाळले जाते असे नाही.

१९९९ चा वाद

एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या अमेरिकी कंपनीने विंडोज एनटी आणि लिनक्स यांची तुलना प्रसिद्ध केली. चार प्रोसेसर असलेल्या एकाच सर्व्हरवर दोन्ही प्रणाली तपासण्यात आल्या होत्या. फाइल पुरवण्यात एनटी अडीच पट, तर वेब पाने पुरवण्यात ३.७ पट वेगवान असल्याचा निष्कर्ष अहवालात होता. मात्र या चाचणीचा खर्च एनटीची निर्माती मायक्रोसॉफ्ट हिनेच केला होता. एनटीची जुळणी काळजीपूर्वक करण्यात आली, लिनक्सची मात्र तशी झाली नाही, असा आक्षेप लिनक्सच्या समर्थकांनी घेतला.

जून १९९९ मध्ये पीसी वीक नियतकालिकाच्या प्रयोगशाळेत फेरचाचणी झाली. या वेळी मायक्रोसॉफ्ट आणि रेड हॅट या दोन्ही कंपन्यांचे तज्ज्ञ सहभागी होते. तरीही एनटीच पुढे राहिली. अनेक प्रोसेसर आणि अनेक नेटवर्क कार्ड एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरण्यात लिनक्स त्या काळी कमी पडत होती, हे त्यातून सिद्ध झाले. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीत या त्रुटीवर बरेच काम झालेले होते. खर्च करणाऱ्याचा हितसंबंध होता, म्हणून निष्कर्ष खोटाच ठरला, असे झाले नाही.

त्याच सुमारास सीटी या जर्मन नियतकालिकाने वेगळ्या परिस्थितीत चाचणी घेतली. एकच नेटवर्क कार्ड असताना, तसेच मागणीनुसार तयार होणारी पाने पुरवताना, लिनक्स सरस ठरली. प्रणाली त्याच होत्या. प्रश्न बदलताच उत्तर बदलले.

पुण्याचा ‘एका’

महाराष्ट्रातही असे एक उदाहरण आढळते. टाटा समूहाच्या पुण्यातील संगणकीय संशोधन प्रयोगशाळेने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० या जागतिक यादीत चौथा आला. त्याचा नोंदलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिती क्रिया, एवढा होता. ही यादी लिनपॅक या चाचणीवर आधारित असून तीत रेषीय समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवला जातो. या कामात ऑपरेटिंग सिस्टीमचा वाटा अल्प असतो. नोव्हेंबर २०१७ पासून यादीतील सर्व ५०० महासंगणक लिनक्सवर चालत आले आहेत. तथापि त्यावरून कार्यालयातील संगणकावर कोणती प्रणाली वेगवान ठरेल, हे सांगता येत नाही.

विश्वासार्हतेचे निकष

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक आणि टीपीसी या संस्थांनी चाचण्यांना शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. स्पेकच्या नियमांनुसार निकालासोबत यंत्राची संपूर्ण जुळणी जाहीर करावी लागते, तर टीपीसीच्या चाचण्यांत त्रयस्थ लेखापरीक्षणाची पद्धत आहे. स्पर्धक कंपन्याच या संस्थांच्या सदस्य असल्याने त्या एकमेकींच्या दाव्यांवर लक्ष ठेवतात.

सरकारी कार्यालय असो वा महाविद्यालय, संगणकांची खरेदी करताना केवळ आकड्यावर विसंबणे हितावह नाही. चाचणीचा खर्च कोणी केला, दोन्ही प्रणालींची जुळणी कोणी केली, मोजलेले काम आपल्या कामाशी मिळतेजुळते आहे काय आणि तीच चाचणी इतरांना पुन्हा घेता येईल काय, हे चार प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. त्यांची उत्तरे अहवालात नसतील, तर तो अहवाल जाहिरात म्हणूनच वाचणे उचित होय.