सौभद्र : ऐकण्याचे नव्हे, पाहण्याचे नाटक

नाट्यसंगीत म्हटले की आपण गोमंतकीय लगेच कान टवकारतो. घरोघरी ध्वनिमुद्रिका होत्या, नंतर कॅसेट आल्या, आता मोबाईलवर सगळे मिळते. पण पदे पाठ असलेल्या किती जणांनी ‘संगीत सौभद्र’ पहिल्या अंकापासून पाचव्यापर्यंत रंगमंचावर पाहिले आहे? आमच्या कचेरीत एकदा सहज विचारले, तर हात वर करणारे दोघेच निघाले आणि तेही निवृत्तीला आलेले!

कचेरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सौभद्रकार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही सरकारी नोकरच. त्यांचा जन्म १८४३ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, हा एक सुंदर योगायोग. अण्णासाहेब रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. फायली सांभाळून त्यांनी ‘शाकुंतल’ रचले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ते पुण्यात रंगमंचावर आणले. सौभद्राचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यातच झाले. पूर्ण नाटक पुढल्या वर्षी आले आणि १८८५ साली अण्णासाहेब गेलेसुद्धा. अवघी पाच वर्षे, पण त्यांवर मराठी रंगभूमी पुढची कित्येक दशके जगली.

त्यांनी नेमके केले काय? भाव्यांच्या पद्धतीत पदे मुख्यत्वे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. अण्णासाहेबांनी संवाद लिहून दिले आणि गाणे पात्राच्या तोंडी घातले. ज्याचे दुःख त्यानेच गावे, इतकी साधी गोष्ट! चालीही दूरच्या नव्हत्या. साकी, दिंडी, ओवी, लावणीच्या वळणाची पदे, कर्नाटकी चाली हे सारे कीर्तनात, घरात, देवळात लोकांच्या कानावरून गेलेलेच होते.

हे मला पुस्तकातून कळले होते, पण पटले ते आमच्या गावच्या देवळातल्या उत्सवात. पडदे भाड्याचे, नट गावचेच. अर्जुन दिवसा शाळेत शिकवणारा, बलराम भुसारी दुकानदार. तबलेवाल्यापुढे चार तबले मांडलेले, कारण कृष्णाचा सूर वेगळा आणि सुभद्रेचा वेगळा. पात्र बदलले की ऑर्गनवाल्याची पट्टी बदलते आणि तबलाही बदलावा लागतो. ध्वनिमुद्रिकेत ही धांदल कुठे दिसते?

त्या रात्री लक्षात आले की सौभद्र हे मुळात एका मुलीचे गाऱ्हाणे आहे. थोरल्या भावाने दुर्योधनाशी लग्न ठरवले आणि तिला कोणी विचारले नाही. धाकटा भाऊ कृष्ण सगळे जाणून आहे, आतून सूत्रे हलवतो आहे, पण तिच्याशी मात्र तोही कोड्यातच बोलतो. पुढे ज्या संन्याशाची सेवा करायला तिला सांगतात, तो अर्जुनच आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते, तिला नसते. त्यामुळे ती गाते तेव्हा आपण एकाच वेळी हसतो आणि हळहळतो. माझ्या शेजारी खाज्याची पुडी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई सुभद्रेचे प्रत्येक पद संपल्यावर हळूच “बिचारें!” म्हणत होत्या. त्यांनी ताना मोजल्या नाहीत, पण नाटक सगळे पाहिले.

आपल्याकडे ही परंपरा टिकली ती अशा बायांमुळे आणि अशा मंडपांमुळे. पोर्तुगीज राजवटीतही देवळातल्या उत्सवांनी मराठी नाटक जगवले. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, कुर्डीच्या मोगूबाई यांच्या आरंभीच्या वाटचालीत नाटक मंडळ्या आहेत. पुढे मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’च्या चाली बांधल्या, तेव्हा त्यांच्यामागे हेच संस्कार होते.

आता काळजी वाटते ती कात्रीची. रात्रभर चालणारे नाटक तीन तासांत बसवायचे म्हणजे काटछाट आलीच. त्याबद्दल तक्रार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हालाही मस्टरवर सही करायची असते. पण कापतात काय? मोठी, तानांची, वन्स मोअर घेणारी पदे राहतात. साक्या आणि दिंड्या उडतात, कारण त्यांना टाळ्या मिळत नाहीत. खरे तर कथा पुढे नेतात त्या याच छोट्या रचना. त्या गेल्या की सुभद्रा बोलायची थांबते आणि उरते नुसती गाणाऱ्याची मैफल. मग तरुण मुले म्हणतात, “यापेक्षा घरी ऐकलेले बरे.” त्यांचे काय चुकले?

म्हणून उत्सव समित्यांना एवढीच विनंती : एखादी तान कमी घ्या, पण साकी ठेवा. जुन्या नटांच्या घरी पडलेल्या नकला आताच उतरवून घ्या. कोणती साकी कोणत्या वाक्यावरून उचलायची, हे त्यांतच लिहिलेले असते. आणि रसिकहो, यंदा जवळपासच्या जत्रेत सौभद्र लागले, तर घरातल्या एखाद्या मुलीला सोबत घेऊन जा. सुभद्रेचे गाऱ्हाणे तिला आपल्यापेक्षा लवकर समजेल.